फुकटच्या जागेचे भाडे कोण भरते?

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्षातून एकदोनदा ठरलेला निरोप येतो. अमुक साइट उघडत नाही, तिच्यावरच्या पीडीएफ कोणाकडे आहेत का? दोघे-तिघे लिहितात, "माझ्याकडेही उघडत नाही." एखादा हात जोडल्याचे चित्र टाकतो. तासाभरात गट पुन्हा सुप्रभाताच्या फुलांकडे वळतो. जी साइट गेली तिच्यासाठी कोणीतरी शिक्षक पाच-सात वर्षे शाळा सुटल्यावर बसलेला असतो. त्याने सराव प्रश्नपत्रिका टाइप केलेल्या असतात, कविता चालीवर म्हणून रेकॉर्ड केलेल्या असतात, गावाचा इतिहास म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलेला असतो. हे सगळे एका मोफत जागेवर ठेवलेले होते आणि ती जागा आता नाही.

यावर स्टाफरूममध्ये दोनच मते ऐकू येतात. एक म्हणजे, "फुकटचे होते, गेले तर तक्रार कसली?" आणि दुसरे, "कंपन्या लबाड आहेत, आधी सवय लावतात, मग दार लावून घेतात." मला दोन्ही मते आळशी वाटतात. पहिल्याने विचार करायची गरज उरत नाही आणि दुसऱ्याने काही करायची.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. मोफत हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मराठीत त्याला मान आहे. सरकार पाठ्यपुस्तके मोफत देते, शिबिरात डोळे मोफत तपासतात. फुकट मात्र हलक्या आवाजात म्हटले जाते. माणूस फुकट खातो, फुकट फिरतो. एकाच गोष्टीला देणाऱ्याच्या बाजूने पाहिले की मोफत म्हणायचे आणि घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले की फुकट. दोन्ही शब्द एक गोष्ट मात्र लपवतात. खर्च झालेलाच असतो, तो फक्त समोर दिसत नाही.

होस्टिंग म्हणजे काय हे आधी साध्या शब्दांत सांगतो. आपले पान कोठेतरी एका यंत्रावर ठेवलेले असते. ते यंत्र रात्रंदिवस चालू असते. त्याला वीज लागते, ते तापते म्हणून थंड ठेवावे लागते, त्यातील डिस्क खराब झाली की बदलावी लागते. पान उघडणाऱ्या प्रत्येकापर्यंत ते पोचवण्यासाठी इंटरनेटची जोडणी विकत घ्यावी लागते. कोणी चोरी किंवा फसवणूक करत नाही ना, हे पाहायला माणसे ठेवावी लागतात. एका पानाचा खर्च काढला तर तो पैशांतही मोजता येणार नाही इतका थोडा असेल, पण तो शून्य होत नाही आणि संपतही नाही. पुस्तक एकदा छापले की कपाटात पडून राहायला काही मागत नाही. वेबपानाला रोजचा चारा लागतो.

आमच्या आर्वीत चैत्र-वैशाखात पाणपोया लागतात. बाजारात, बसस्थानकाजवळ रांजण मांडलेले असतात, वर गोणपाट ओले केलेले असते. मोहरमच्या दिवसांत सबील लागते, तिथे सरबत मिळते. पाणी पिणारा पैसे देत नाही, पण पाणी कोणी भरले हे गावाला ठाऊक असते. पाटीवर नाव असते, सबील कोणत्या मोहल्ल्याची आहे ते सांगावे लागत नाही. पाऊस पडला की पाणपोई उठते आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही, कारण ती किती दिवसांसाठी आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असते. मोफत वेबजागेच्या बाबतीत या दोन गोष्टी आपल्याला माहीत नसतात. रांजण कोण भरतो आणि त्याचा पावसाळा कधी येणार?

याची सर्वांत मोठी गोष्ट जिओसिटीजची. अमेरिकेत १९९४ साली हे सुरू झाले. कोणालाही फुकट जागा आणि आपले पान. पाने वस्त्यांमध्ये वाटलेली होती. सिनेमावाल्यांची वस्ती हॉलिवूड, शिक्षण आणि साहित्याची अथेन्स. लोकांनी तिथे अक्षरशः घरे मांडली. मांजरांचे फोटो, आजीच्या पाककृती, गावचे नकाशे, मेलेल्या मुलाच्या आठवणी. जानेवारी १९९९मध्ये याहूने ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. किंमत सुमारे ३६० कोटी डॉलर, तीही मुख्यतः शेअर्सच्या रूपात. त्याच वर्षीच्या जून महिन्यात याहूने नियम बदलले आणि तुमच्या पानावरच्या मजकुरावर आमचाही हक्क, अशा अर्थाची कलमे घातली. लोक चिडले, पाने सोडून जाऊ लागले, तेव्हा कलमे मागे घ्यावी लागली. पुढच्या वर्षी डॉट-कॉमचा फुगा फुटला, जाहिरातींचे भाव कोसळले. ज्या पैशावर हा संसार चालायचा तोच आटला. तरी जिओसिटीज आणखी बरीच वर्षे रेटत राहिली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाली. जपानमधली शाखा मात्र ३१ मार्च २०१९पर्यंत चालली.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. याहूने पैसे मोजले ते त्या पानांसाठी नाही. पानांवर येणाऱ्या गर्दीसाठी मोजले. गर्दी दुसरीकडे, फेसबुककडे वळली तेव्हा पाने होती तिथेच होती, तेवढीच चांगली किंवा वाईट होती. पण मालकाच्या वहीत ती आता मालमत्तेच्या रकान्यातून खर्चाच्या रकान्यात गेली होती. मोफत सेवा बंद पडण्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते, आणि ते वाटते तितके गूढ नाही. अशी जागा कंपनी देते तेव्हा तिला काहीतरी हवे असते. कधी जाहिरातीसाठी डोळे हवे असतात. कधी गुंतवणूकदाराला दाखवायला सदस्यसंख्या हवी असते. कधी फुकट वापरणाऱ्या शंभरांतले दोघे-तिघे पुढे पैसे भरतील ही आशा असते. ते मिळून झाले, किंवा मिळणार नाही हे कळले, की आपण त्या घरात पाहुणे उरतो.

जाहिरातीच्या पैशाचे स्वतःचे दुखणे आहे. ट्रायपॉड नावाची अशीच एक मोफत सेवा होती. एका मोटार कंपनीची जाहिरात तिथल्या एका अश्लील पानावर झळकली आणि कंपनी संतापली. मग जाहिरात पानावर न दाखवता वेगळ्या छोट्या खिडकीत उघडावी, अशी युक्ती तिथल्या ईथन झुकरमन यांनी काढली. तीच ती पॉप-अप जाहिरात, जिने पुढे साऱ्या जगाला छळले. झुकरमन यांनी २०१४ साली लेख लिहून त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे आपल्या पानावर उडी मारणारी ती खिडकी हे आपल्या जागेचे भाडेच होते.

दुसरे दुखणे फसवणुकीचे. जे फुकट आणि ओळख न विचारता मिळते ते चोरालाही मिळते. बँकेसारखे दिसणारे खोटे पान करायला मोफत जागेइतकी सोयीची जागा नाही. हेरोकू या कंपनीने २०२२ साली मोफत योजना बंद केली तेव्हा गैरवापर आवरण्यातच आमची माणसे गुंतून पडतात असे कारण दिले. जगभरच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्यात गेले. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ या दीड हजार वस्तीच्या बेटांच्या नावाचे डॉट-टीके पत्ते फ्रीनॉम नावाची कंपनी फुकट वाटत असे. भामट्यांनी ते इतके वापरले की मेटाने २०२३मध्ये खटला भरला आणि २०२४मध्ये फ्रीनॉमने पत्त्यांचा धंदाच सोडला. ज्यांनी त्या पत्त्यावर सरळमार्गाने काही चालवले होते तेही त्यात भरडले गेले. ट्रिपल-झीरो-वेबहोस्ट ही आपल्याकडच्या संगणक शिकणाऱ्या पोरांची आवडती सेवा. २०१५ साली तिच्या एक कोटीहून जास्त खात्यांची माहिती चोरीला गेली, आणि २०२४मध्ये तीही बंद झाली.

हे सगळे अमेरिका-युरोपचे झाले. आता आपल्या घरात येऊ.

महाराष्ट्रात २०१५च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. त्या सुमारास जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांमध्ये एक लाट आली. स्मार्टफोन हातात आलेला होता, युनिकोडमुळे मराठी टाइप करणे सोपे झाले होते, आणि ब्लॉगर, गुगल साइट्स, गुगल ड्राइव्ह फुकट होते. गावोगावच्या गुरुजींनी स्वतःची साइट काढली. कोणी पाढे ठेवले, कोणी शिष्यवृत्तीचे सराव संच, कोणी शासन निर्णयांचा संग्रह. तालुक्याच्या कोपऱ्यातल्या दोनशिक्षकी शाळेतला माणूस राज्यभरच्या शिक्षकांना उपयोगी पडू लागला. पैसे मोजावे लागले असते तर यातले फार थोडे झाले असते, हे मी ठामपणे सांगतो. पगारी माणसालाही डॉलरमध्ये, कार्डावरून, दर वर्षी पैसे भरणे म्हणजे घरात भांडण. म्हणून मोफत सेवांना शिव्या देणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहत नाही. मराठी भाषेला त्यांनी इंटरनेटवर पहिला पाट दिला.

उर्दू माध्यमाच्या शाळांची गोष्ट आणखी वेगळी. मराठीचा शिक्षक एखादी साइट गेली तर दुसरी शोधतो. उर्दूत महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर चांगले साहित्य करणारी माणसे थोडी, त्यातली साइट चालवणारी आणखी थोडी. एक बंद पडली की अख्ख्या इयत्तेचा एक विषय उघडा पडतो. शिवाय लिपीचा पेच. नस्तलीकमध्ये शब्द तिरपा खाली उतरतो, ते दाखवणे जुन्या संगणकांना जमत नसे. म्हणून इनपेजमध्ये टाइप करायचे, त्याचे चित्र करायचे आणि ते चित्र साइटवर लावायचे. अनेक उर्दू वृत्तपत्रेही वर्षानुवर्षे असेच करत. मराठीत शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टचा काळ होता. फॉन्ट नसेल तर पानावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. त्यामुळे त्या काळातली पाने कोणी जपून ठेवली असतील तरी शोधून सापडत नाहीत. चित्रातला शब्द शोधयंत्राला दिसत नाही. जिओसिटीज बंद होताना आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस राबून सहाशे जीबीहून अधिक मजकूर उतरवून घेतला. त्या ढिगाऱ्यात इंग्रजी शब्द टाकला तर काहीतरी हाती लागेल. गालिबवर कोणी उर्दूत लिहिलेले चित्ररूपी पान असेल तर ते कोणत्या नावाने शोधायचे?

आमच्या मुलांनी काही वर्षांपूर्वी गावातल्या वृद्धांशी बोलून एक संग्रह केला होता. पुलगाव-आर्वी ही पस्तीस किलोमीटरची छोटी रेल्वे, तिच्यातून जाणारे कापसाचे गठ्ठे, गाडी एवढी सावकाश की पोरे उतरून पुन्हा चढायची, असल्या गोष्टी. काही मराठीत, काही उर्दूत, आणि बऱ्याचशा आमच्या इकडच्या त्या मिश्र बोलीत, जिला कोणत्याही पुस्तकात जागा नाही. तो एका मोफत सेवेवर ठेवला होता. सेवा बंद होणार असल्याची सूचना ज्या मेलवर आली तो मेल बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याचा होता. सूचना इंग्रजीत होती आणि साठ जाहिरातींच्या मध्ये पडलेली होती. काही ध्वनिमुद्रणे एका पालकाच्या फोनमध्ये सापडली. बाकीची गेली, आणि बोलणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नाहीत. छोटी गाडी बंद पडली तेव्हा निदान तिच्या खुणा जमिनीवर मागे राहिल्या. साइट गेली की रुळाचा तुकडाही राहत नाही.

कंपनी बुडालीच पाहिजे असेही नाही. धडधाकट कंपनीच्या घरातही खोल्या बंद होतात. गुगलने सप्टेंबर २०२१मध्ये ड्राइव्हच्या सुरक्षेसाठी काही जुन्या फायलींचे दुवे बदलले. हेतू चांगला होता. पण शिक्षकांच्या साइटवर चिकटवलेल्या अशा दुव्यांवर बोट ठेवले की फाइलऐवजी परवानगी मागणारे पान येऊ लागले. परवानगी देणारा गृहस्थ कदाचित सेवानिवृत्त झालेला. गुगलचेच छोटे दुवे तक्त्यांवर आणि पुस्तिकांवर छापले गेले होते. २५ ऑगस्ट २०२५ला ते बंद करू असे कंपनीने जाहीर केले. ओरड झाल्यावर वापरातले दुवे ठेवून, पडून असलेले तेवढे बंद करायचे ठरले. पडून असलेले म्हणजे कोणते? कोणी न उघडलेले. जुन्या शाळेच्या नोंदी रोज कोण उघडतो? दोन वर्षे न वापरलेले खाते त्यातल्या मजकुरासह काढून टाकण्याचा नियमही डिसेंबर २०२३पासून लागू आहे. वारलेल्या शिक्षकाचे खाते कोण वापरणार?

इथे कोणी म्हणेल, मग पैसे भरा, विकतची जागा घ्या. मीही पूर्वी हेच म्हणत असे, पण पाहिले ते उलटेच. एका परिचित लेखकाने स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन सुबक साइट केली होती. ते गेले. घरच्यांना पासवर्ड माहीत नव्हता, नूतनीकरणाची तारीख टळली. वर्षभरात तो पत्ता दुसऱ्या कोणी विकत घेतला आणि आज तिथे जुगाराच्या जाहिराती दिसतात. त्यांचाच एक जुना मोफत ब्लॉग मात्र अजून उघडतो. पैसे भरणारा थांबला त्या दिवशी विकतची जागा जाते. मोफत जागा मालकाचे मन फिरेपर्यंत राहते. दोन्हीकडे प्रश्न तोच की भरणारा कोण आणि त्याच्यानंतर कोण.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत होते, म्हणून सांगतो. वक्फ करणारा माणूस नुसती विहीर खोदून देत नसे. तो एखादे शेत किंवा दुकानांची ओळ त्या विहिरीच्या नावाने लावून द्यायचा. दोराचा, बादलीचा, गाळ काढण्याचा खर्च त्या उत्पन्नातून. देणारा गेला तरी पाणी चालू. देखभालीला मुतवल्ली नेमलेला. कागदावर ही व्यवस्था इतकी सुंदर आहे की आजच्या कोणत्याही इंटरनेट कंपनीने शिकावे. प्रत्यक्षात किती मुतवल्लींनी विहिरीसकट शेत गिळले, हे वाचकांना मी सांगायला नको. तरी कल्पना खोटी ठरत नाही. मोफत देणे आणि मोफत चालू ठेवणे ही दोन वेगळी दाने आहेत, आणि दुसऱ्याची तरतूद पहिल्याच दिवशी करावी लागते.

आजही जे मोफत टिकलेले दिसते तिथे भरणारा ओळखता येतो. विकिपीडिया देणग्यांवर चालतो. मराठी विकिपीडिया २००३पासून आहे. जिओसिटीजच्या आठवणीने २०१३ साली निघालेली निओसिटीज फुकट जागा देते आणि काही सदस्य स्वखुशीने दरमहा पैसे भरून इतरांचा भार उचलतात. उर्दूचे प्रचंड भांडार असलेली रेख्ता संजीव सराफ या उद्योगपतीने २०१३मध्ये उभी केली. आमच्याच वर्ध्यातल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने हिंदी समय नावाने हिंदी साहित्य इंटरनेटवर आणले, त्यामागे केंद्रीय विद्यापीठाचा पैसा. यातले कोणतेही अमरपट्टा घेऊन आलेले नाही. देणग्या आटतात, उद्योगपतीचे वारस वेगळ्या मनाचे निघतात, विद्यापीठात कुलगुरू बदलतात. पण निदान कोणाला जाऊन विचारायचे हे माहीत आहे.

सरकारचेही यात काम आहे. छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावी, असा आपल्याकडे १९५४चा कायदा आहे. १९५६मध्ये त्यात वृत्तपत्रे आली. त्या मजकुरात वेबपान नाही, तेव्हा ते जन्मलेच नव्हते. ब्रिटनने २०१३मध्ये नियम करून तिथल्या वेबपानांच्या प्रती जतन करण्याचे काम ब्रिटिश लायब्ररी आणि इतर मोठ्या ग्रंथालयांकडे दिले. इथे मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे २०२४मध्ये वाटून झाले. त्या दर्जाच्या निमित्ताने येणाऱ्या पैशातला एक हिस्सा मराठी वेबपाने उतरवून ठेवण्याला लागला, तर शंभर वर्षांनी अभ्यास करणाऱ्याला आजचा मराठी माणूस, त्यातला मराठी मुसलमानही, काय लिहीत होता हे सापडेल. छापील मासिकांनी आम्हाला जागा थोडीच दिली. आमचे बहुतेक लिखाण अशाच फुकटच्या जागांवर आहे.

तोवर हाताशी आहे ते करावे. ब्लॉगचा सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय ब्लॉगरच्या सेटिंगमध्येच आहे, पाच मिनिटे लागतात. उर्दू मजकूर चित्र म्हणून न ठेवता युनिकोडमध्ये ठेवावा, आता नस्तलीकचे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. महत्त्वाचे पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आपले आपण जपता येते. आणि थोडे तरी छापावे. दोन झेरॉक्स, एक शाळेत, एक गावच्या वाचनालयात.

आमच्याकडे बदली झाली की शिक्षक चार्ज देतो. डेडस्टॉक रजिस्टर उघडून एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. खुर्च्या, कपाटे, पृथ्वीचा गोल, भारताचा नकाशा, तोही फाटका असेल तर तसा शेरा मारून. शाळेच्या साइटचे खाते कोणत्या मेलवर आहे, पासवर्ड कोणाकडे आहे, प्रत कोणत्या पेन ड्राइव्हवर आहे, याची ओळ त्या रजिस्टरात नाही. ती वाढवावी म्हणून मी शिक्षण परिषदेत दोनदा बोललो आहे. त्यासाठी वेगळा शासन निर्णय लागेल, असे मला सांगण्यात आले. आमच्या शाळेत आम्ही ती ओळ लाल शाईने हातानेच लिहून टाकली.